कोपरखळी कुणाची?

मित्रांनो, मी एक जुनी खडावांची जोडी आहे. पण दोन पायांची नाही, सहा पायांची. चकित झालात ना? माझी एकेक फळी तुमच्यातल्या एखाद्याच्या उंचीएवढी लांब आहे आणि तिच्यावर रबराचे तीन तीन पट्टे ठोकलेले आहेत. एकामागे एक अशी तीन मुलं त्यांत पाय घालतात आणि तिघं मिळून एकच पाऊल टाकतात. एकाचं चुकलं की तिघंही तोंडावर! सुमात्रातल्या आमच्या मुलखात मला ‘बकियाक’ म्हणतात. कुठे कुठे म्हणे खडावांना देवाजवळ ठेवून फुलं वाहतात. माझ्या वाट्याला फुलं आली नाहीत, चिखल आला. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मी जन्मभर जगाकडे खालून पाहत आले. वरून पाहणाऱ्याला मुलांचे विंचरलेले केस दिसतात, हसरे चेहरे दिसतात. मला दिसतात हनुवट्या, नाकपुड्या आणि कोपरं. म्हणूनच की काय, माझा स्वभाव जरा संशयी झाला आहे. कुणी फार गोड हसलं की मी आधी त्याचं कोपर कुठे आहे ते बघते.

माझा जन्म सागो डोंगराच्या पायथ्याशी, रुस्ली सुताराच्या पडवीत झाला. भाताचं एक जुनं कोठार उतरवलं होतं, त्याच्या सुरियन लाकडाच्या तुळईतून त्यांनी मला कापलं. डावी आणि उजवी, दोन्ही फळ्या एकाच तुळईतल्या. “दोन झाडांची लाकडं एकमेकांचं ऐकत नाहीत,” असं ते रंधा मारता मारता म्हणत. पट्टे ट्रकच्या फुटक्या ट्यूबचे. आपल्या नातीला माझ्यावर उभं करून त्यांनी पट्ट्यांचं माप घेतलं. ती खुदकन हसली, तो माझ्या अंगावरचा पहिला भार.

तिथून मी गावातल्या बालवाडीत आले. ऑगस्टात स्वातंत्र्याचा उत्सव होतो, तेव्हा गावोगावच्या बालवाड्यांच्या शर्यती लागतात. त्या काळी मी पुष्कळ शर्यती जिंकून दिल्या. मला खोबरेल तेल लावलं जाई, भिंतीवर टांगलं जाई. मग प्लॅस्टिकची रंगीत खेळणी आली आणि मी पाण्याच्या टाकीमागे गेले. तिथे शेवाळ चढलं. एका कोपऱ्यात वाळवीने घर केलं. दुर्लक्ष म्हणजे काय ते तिथे कळलं: कुणी लाथ मारत नाही, कुणी शिवी देत नाही, नुसतं कुणी येत नाही.

मला बाहेर काढलं ते बुंडा यूसने. आमच्याकडे बालवाडीच्या बाईंना मुलं ‘बुंडा’ म्हणतात, म्हणजे आईच. बुंडा यूस हळू बोलणारी, पहाटेची नमाज कधी न चुकवणारी बाई. तिने मला नारळाच्या काथ्याने घासलं, उन्हात वाळवलं आणि ऑगस्टच्या शर्यतीसाठी तिघांची ओळ ठरवली. पुढे सलवा, मध्ये इक्रम, मागे राफ्की. मधल्याने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचे, मागच्याने मधल्याच्या. “बिस्मिल्ला म्हणा आणि पाऊल उचला,” बुंडा म्हणे. “आणि ओळीत आवाज नको हं. बोललं की ताल चुकतो. सलवाकडे बघा. सलवा करते तसं करा.”

‘सलवा करते तसं करा’ हे वाक्य माझ्या लाकडात मुरलं आहे, इतक्या वेळा मी ते ऐकलं.

सलवा होतीच तशी. ओढणी नीट, नखं कापलेली, डबा संपवलेला. दस्नियार आजीची नात ती. बालवाडी ज्या जमिनीवर उभी आहे, ती जमीन आजीच्या घराण्याची. वहीवर चांदणी मिळायची ती आधी सलवाला. बाकीची मुलं तिच्यासारखी ओढणी सारखी करत, तिच्यासारखी मान तिरकी करून हसत. राफ्कीला ओढणी नव्हती, तर तो टोपी सारखी करी!

आणि एक दिवस मुलांना एकमेकांना कोपराने ढोसायची सवय लागली.

कुठून लागली कळेना. झोपाळ्याजवळ एकाने दुसऱ्याच्या बरगडीत कोपर घातलं. मग नळाजवळ. मग चपला काढताना. मागे वळून न बघता, तोंड पुढेच ठेवून, कोपर तेवढं मागे: हुक्! बुंडाने वळून पाहावं तर सगळ्यांचे चेहरे देवाघरचे. इक्रमच्या आईला मुलाला आंघोळ घालताना त्याच्या बरगडीवर जांभळा डाग दिसला.

मग काय, गावाला लगेच उत्तर सापडलं. राफ्कीचा मामा जस्रिल संध्याकाळी मशिदीमागच्या मैदानात मोठ्या मुलांना सिलेक शिकवतो. सिलेक म्हणजे आमच्या मुलखातली कुस्ती म्हणा, डावपेच म्हणा. राफ्की रोज तिथे मामाच्या घोंगडीवर बसून बघायचा. झालं! ज्याचा मामा डाव शिकवतो, त्याच्याच भाच्याने डाव आणला असणार.

खरं सांगू? मलाही आधी त्याचाच संशय आला. त्याचं पाऊल इतर मुलांसारखं नव्हतं. तो टाच आधी टेकवायचा नाही, चवडा टेकवून जमीन चाचपायचा, मांजरासारखा. असं पाऊल टाकणारं मूल काहीतरी शिकून आलेलं असतं. पण मग मी विचार केला. राफ्की ओळीत शेवटी. त्याच्या मागे कुणीच नाही, मग तो ढोसणार कुणाला? आणि त्याचे दोन्ही हात तर इक्रमच्या खांद्यावर. मी खालून त्याची दहाही बोटं मोजू शकत होते.

मग मला इक्रमचा संशय आला. तो अधूनमधून एक हात काढायचा, हे मी पाहिलं होतं. पण डाग तर त्याच्याच अंगावर!

राहिलं कोण? ओळीत ज्याचे हात मोकळे असतात, असं एकच मूल असतं. पुढचं.

त्या दिवसापासून मी बाकी सगळं सोडून पुढच्या पट्ट्याकडे लक्ष ठेवलं. आणि दिसलं मला. मागच्यांचं पाऊल चुकलं, फळी कलली, की सलवाची टाच उचलायची आणि उजवं कोपर सुईसारखं मागे जायचं. चेहरा समोर, हसरा, बुंडाकडे. इक्रम ‘हं’ करायचा आणि हात सोडून तस्संच कोपर राफ्कीला द्यायचा. राफ्कीच्या मागे कुणी नव्हतं. तो नुसता श्वास आत घ्यायचा. त्याची पावलं माझ्यावर घट्ट व्हायची, एवढंच.

हे कळून माझा काय उपयोग? लाकडाला जीभ नसते.

जीभ होती बुंडाला, पण आमच्या गावची जीभ सरळ चालत नाही. आमच्याकडे बोलण्याचे चार रस्ते मानतात: थोरांशी चढाचं, धाकट्यांशी उताराचं, बरोबरीच्यांशी सपाट आणि जिथे मान राखायचा तिथे तिरकं. कुणाचं नाव घेऊन दोष देणं म्हणजे अडाणीपणा. तुमच्याकडे ‘लेकी बोले सुने लागे’ म्हणतात ना, आमचं अख्खं गाव तसं बोलतं. तेव्हा शाळा सुटताना फाटकाशी उभी राहून बुंडा हसत हसत म्हणाली, “वाघाचं पिल्लू असलं तरी अंगणात मांजरासारखं वागावं, नाही का हो?”

तिला सगळ्याच मुलांबद्दल बोलायचं होतं, असं ती पुढे सांगत होती. पण सिलेकचे डाव वाघाचे मानतात, त्यामुळे वाघ म्हटल्यावर फाटकाशी उभ्या असलेल्या आयांनी एकाच बाईकडे पाहिलं. राफ्कीची आई लिस्मार खाली बघून पोराच्या चपला शोधत होती.

“वाघाचं पिल्लू कुणाचं ते सांगायला नकोच,” इक्रमची आई म्हणाली.

“अगं, मामाने शिकवलेलं वाया थोडंच जाणार!” दुसरी म्हणाली.

“ऐकतेय हो मी,” लिस्मार म्हणाली. “नाव घ्या की. नाव घ्यायला जीभ झडते का?”

“आम्ही कुठे कुणाचं नाव घेतलं? उगाच अंगाला लावून घेतेस, बाई.”

बघा मित्रांनो, कोपरखळी म्हणतात ती हीच. मोठ्यांची शब्दांची, मुलांची हाडाची. दोन्हींत तोंड दुसरीकडे असतं.

दुसऱ्या दिवशी राफ्कीला ओळीतून काढलं. “थोडे दिवस आराम कर हं, राजा,” बुंडा त्याला म्हणाली. त्याला कळलं. चार वर्षांच्या मुलाला सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही. तो पेरूच्या झाडाखाली बसायचा. मुलं त्याच्याजवळून जाताना बरगड्या हातांनी झाकून घ्यायची. आयांनी घरी तसं शिकवलं होतं. मग त्याचाही खेळ झाला: राफ्की दिसला की बरगड्या धरायच्या आणि “वाघ आला, वाघ आला!” करत पळायचं. नुरी नावाची सगळ्यांत लहान मुलगी, तिला वाघ कोण नि मांजर कोण काही ठाऊक नव्हतं, पण तीसुद्धा बरगड्या धरून पळायची, आणि तिच्या बरगड्या नेमक्या कुठे आहेत ते न कळल्याने पोट धरायची.

मी नळाजवळ भिंतीला टेकवून ठेवलेली होते. नुरी पाणी प्यायला आली. मागे राफ्की उभा होता. तिने मागे पाहिलं आणि पोट धरून ओरडली, “वाघ!” राफ्की तिच्या पुढे जाऊन नळाशी उभा राहिला, तोंड नळाकडे केलं आणि कोपर मागे घातलं. हुक्! अगदी तसंच. टाच उचलून, मान तिरकी करून. ते सिलेक नव्हतं. ती हुबेहूब सलवा होती.

नुरी बसली ती रडतच बसली. या वेळी सगळ्यांनी पाहिलं. ज्याने कधी कुणाला मारलं नव्हतं, त्याने गावाचं म्हणणं खरं करून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जस्रिल मामा आला. आमच्याकडे घरात बापाचा नाही, मामाचा शब्द चालतो. मुलगा कुठे शिकेल, कुठे राहील ते मामा ठरवतो. मागे लिस्मार, तिच्या हातात राफ्कीचा डबा ठेवायची रिकामी पिशवी. फाटकाशी आया थबकल्या. दस्नियार आजीही नातीचा सराव बघायला पायरीवर येऊन बसली होती.

“बुंडा, पोराचे रंग, वह्या द्या,” मामा म्हणाला. “नेतो मी त्याला. पेकानबारू शहरात बापाकडे पाठवतो. गावाचा जीव भांड्यात पडू दे.”

“चहा तरी घ्या. दोन मिनिटं बसा,” बुंडा म्हणाली. मुलांनी तमाशा बघू नये, म्हणून तिने घाईघाईने सरावाची शिट्टी वाजवली. सलवा पुढे, इक्रम मध्ये. तिसरा पट्टा राफ्कीला काढल्यापासून रिकामाच होता. रिकाम्या पट्ट्याने फळी मागून उचलते, म्हणून बुंडाने चप्पल काढली आणि स्वतःच त्यात पाय घातला. जेमतेम बोटं मावली. मोठ्या माणसाचा भार कितीतरी वर्षांनी माझ्यावर आला.

“बिस्मिल्ला. उचला.”

बुंडाचं पाऊल चुकलं. चुकणारच. फळी कलली. पुढून सुई मागे आली, इक्रमच्या बरगडीत. इक्रमने हात सोडला आणि तेच कोपर सवयीने मागे घातलं. मागे राफ्की नाही, बुंडा आहे हे तो विसरला होता. ते बुंडाच्या मांडीत बसलं.

“आई गं!”

इक्रम वळला, पण घाबरला नाही. उलट बुंडाचंच चुकलं असल्यासारखा तिच्याकडे बघू लागला.

“मला का मारलंस, राजा?”

“मारलं नाही, बुंडा. तुमचं पाऊल चुकलं ना? मग सांगितलं.”

“असं सांगतात?”

“हो. पुढून येतं, मग मागे द्यायचं. नाहीतर मागच्याला कळणार कसं?”

“हे कुणी सांगितलं तुला?”

“कुणीच नाही. सलवा करते तसं करायचं ना!”

मित्रांनो, माझ्यावर उभी असलेली बुंडाची बोटं आखडली, ती मी अजून विसरले नाही.

“सलवा,” बुंडाने विचारलं, “तू कोपर का मारतेस गं?”

सलवाने मान तिरकी केली. तिलाही यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. “ते चुकतात. आणि तुम्हीच म्हणता, ओळीत आवाज नको. मग मी तोंडाने कसं सांगू?”

पायरीवरून आजीचा आवाज आला. “पुरे झालं, यूस! माझ्या नातीला सगळ्यांसमोर उलटतपासणी? जमीन कुणाची ते तरी ध्यानात ठेव.”

आता बुंडा तिरकं बोलेल, हसून विषय बदलेल, असंच मला वाटलं. सवयी लवकर जात नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? ती माझ्यावरून उतरली, आजीजवळ गेली, तिचा हात मानाने आपल्या कपाळाला लावला आणि सरळ बोलली.

“आजी, जमीन तुमची, मान तुमचा. पण चूक सलवाची नाही, माझी आहे. मी तिचं तोंड बंद केलं आणि बाकीच्यांना सांगितलं, हिच्यासारखं करा. त्यांनी केलं.” मग फाटकाकडे वळून, “राफ्कीने ओळीत कुणालाही मारलेलं नाही. वाघ मी म्हटलं. कुणाला म्हटलं ते तुम्ही ठरवलंत. मी ते थांबवलं नाही.”

“पण काल नुरीला त्यानेच मारलं की!” इक्रमच्या आईने म्हटलं, पण आवाज खाली आला होता.

जस्रिल मामा गुडघ्यावर बसला. “काय रे? नुरीला का मारलंस?”

राफ्कीने टोपी सारखी केली. “सगळे म्हणतात मी मारतो.”

“म्हणून मारलंस?”

“हो.”

“आणि असं मारायला कुणी शिकवलं? मी?”

“नाही. तुम्ही नुसतं पडायला शिकवता.”

आया हसल्या, मग हसू आवरलं. मामाही हसला, पण डोळे पुसत. सिलेकचा पहिला धडा पडण्याचाच असतो. मारण्याचा धडा यायला पोराला मिसरूड फुटावं लागतं. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. संशयाच्या भरात कुणाला आठवलं नाही, एवढंच.

मामा उठला. लिस्मारच्या हातातली पिशवी त्याने घडी करून खिशात घातली. “पोरगं कुठे जात नाही,” तो म्हणाला. “कोपर इथे चिकटलंय, इथेच सुटेल. पेकानबारूला पाठवलं तर ते कोपर तिकडच्या पोरांना लागेल.”

आजीने सलवाला जवळ बोलावून ओढणी सारखी केली आणि कानात काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मला कळलं नाही, आणि मी चांगलंच असेल असं धरून चालत नाही. पण त्यानंतर जमिनीचा विषय निघाला नाही.

बुंडाने नियम बदलला. ओळीत बोलायचं, मोठ्याने बोलायचं. पाऊल चुकलं की पुढच्याने म्हणायचं, “चुकलं! परत!” पहिले काही दिवस पुढच्या पट्ट्यात बुंडा स्वतःच उभी राहिली आणि मागच्या मुलांसमोर स्वतःच चुकून दाखवू लागली. आता मुलं तिची नक्कल करू लागली. झोपाळ्यावरून पडलं तरी “चुकलं! परत!” डब्यातला भात सांडला तरी “चुकलं! परत!” नुरी तर काही चुकलं नसतानाही ओरडायची. लिस्मारशी बोलताना इक्रमच्या आईची जीभ अडखळली, तेव्हा तिच्या मुलानेच तिला तसं म्हटलं, आणि ती बिचारी परत पहिल्यापासून, नाव घेऊन, माफी मागू लागली.

शर्यतीत आम्ही शेवटून दुसरे आलो. आवाजाने ताल चुकतो हे बुंडाचं म्हणणं काही अगदीच खोटं नव्हतं.

राफ्कीचं कोपर मात्र लगेच सुटलं नाही. गोष्टीत सुटतं तसं एका सकाळीत ते सुटत नाही. नळावर एकदा, रांगेत एकदा, ते पुन्हा वर आलं. प्रत्येक वेळी नुरी लांबूनच पोट धरायची आणि बुंडा जवळ जाऊन उभी राहायची. एक दिवस त्याला पुढच्या पट्ट्यात उभं केलं. मध्ये इक्रम, मागे सलवा. मागे उभं राहायची सलवाची पहिलीच वेळ. तिचं पाऊल चुकलं, फळी कलली. मी खालून पाहिलं, राफ्कीचं कोपर उचललं गेलं. कोपर हवेत थांबलं. मग तो मान मागे वळवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “चुकलं! परत!”

इक्रमने ते मागे दिलं, “चुकलं! परत!” सलवाच्या मागे कुणी नव्हतं. ती स्वतःशीच हळू म्हणाली, “परत.” आणि तिघांनी पाऊल उचललं.

मित्रांनो, आता माझे पट्टे सैल झाले आहेत, एका फळीला चीर गेली आहे. खेळून झालं की मला पाण्यात टाकून जाऊ नका, कोरड्या जागी उभं करून ठेवा, एवढं माझं मागणं आहे. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. पुढच्या पट्ट्यात पाय घालायची पाळी तुमच्यावर कधी ना कधी येईलच. तेव्हा तुमच्या मागे कुणीतरी तुमच्याहून लहान उभं असेल. त्याला तुमचा चेहरा दिसणार नाही, तुमचं हसू दिसणार नाही. त्याला फक्त तुमचं कोपर दिसेल. ते जपा. आणि जे मूल मारतं असं सगळे म्हणतात, त्याच्या पुढे कोण उभं आहे, ते आधी एकदा वाकून बघा.